बाजूक व्हा, मास्तर!

परवा मी फुटपाथवरून चाललो होतो आणि मागून स्कूटरवाल्याने हॉर्न दिला. रस्त्यावर नव्हे, फुटपाथवरच. वर "बाजूक व्हा मास्तर, माका उशीर झालो" हेही ऐकवलं. झालो बाजूला. बाजूला म्हणजे गटारात. तिथली लादी गाळ काढायला जूनमध्ये उचलली होती, ती गणपती आले तरी जागेवर नाही. डाव्या पायाची चप्पल अजून वाळतेय.

गावाचं नाव सांगत नाही. सिंधुदुर्गात आहे, समुद्राला लागून आहे आणि मला तिथेच राहायचंय.

किराणा दुकानासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून एक आजोबा हे सगळं चवीने बघत होते. खुर्ची अर्थात फुटपाथवरच.

"पण तुमी फुटपाथार कित्याक चलतास? रस्तो रिकामो असा मां!"

"आजोबा, फुटपाथ चालायलाच असतो."

"कोणी सांगल्यान?"

झालं, आमच्यातला मास्तर जागा झाला. म्हटलं, चेन्नईने २०१४ मध्ये पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी धोरण आणलं, पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण केलं.

"मगे पुण्याक जावन चला." त्यांनी तपकिरीची डबी उघडली.

मी थेट दिल्ली गाठली. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलंय, धड फुटपाथ मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग, घटनेचं कलम २१!

"जगतास मां? मगे झाला." चिमूट नाकात गेली.

आता मी इरेला पेटलो. "नियमाने १.८ मीटर जागा मोकळी हवी. सरळ सहा फूट. मध्ये काही म्हणजे काही नको."

आजोबांनी डोळे बारीक करून फुटपाथ न्याहाळला. विजेचा खांब, नारळांचा ढीग, गोणपाटावर वाळत घातलेली सुकट, आणि स्वतः ते.

"सहा फूट माणूस आडवो केल्यार लागता," ते शांतपणे म्हणाले. "उभ्याक दीड पुरे."

आजोबांवर माझा राग नाही. राग आहे तो त्या लाल-पिवळ्या पेव्हर ब्लॉकवर. नारळ फोडून उद्घाटन झालं, फोटो निघाले, पण चालून कुणी बघितलं नाही. कडेचा दगड १५ सेंटीमीटरपेक्षा उंच नको, असं रस्ते कसे बांधावेत ते ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या सूचना सांगतात. आमच्याकडे तो जवळजवळ गुडघ्याला लागतो. आईचे गुडघे केव्हाच गेलेत, तिला चढवत नाही. म्हणून ती या वयात चिऱ्यांच्या ट्रकला अंग चोरत रस्त्यातून देवळात जाते. ब्लॉक उखडून नवे बसवायला पैसे असतात, चार ठिकाणी उतार द्यायला नसतात.

सायकलींचीही सोय झाली आहे हं! किनाऱ्याकडच्या रस्त्यावर पांढऱ्या रंगात सायकल काढलीय. मे महिन्यात तिच्यावर पर्यटकांच्या गाड्या उभ्या राहतात, तेव्हा मागचं चाक तेवढं दिसतं. आणि खऱ्या सायकली घेतलेल्या शाळेतल्या पोरी एसटीच्या पुढून जीव मुठीत धरून निघतात.

"अर्जच देतो आता," मी चप्पल झटकत म्हणालो.

"अर्ज देवा, देवा. पण थंय जाताना रस्त्यातसूनच जावा हां. कचेरीसमोरच्या फुटपाथार सायबाची गाडी असता."