ईस्टरची मैदानी उपासना शेवटच्या रांगेतून बघा

ईस्टरची पहाटेची उपासना सगळ्यांसाठी आहे असं आपण पत्रकावर छापतो आणि मग बहुतेक पैसा स्टेजवर घालतो. चर्चमध्ये कधी पाऊल न टाकलेला माणूस पहिल्या रांगेत येऊन बसत नसतो. तो फाटकाजवळ उभा राहतो, वाटलंच तर पटकन निघता यावं म्हणून. त्याच्यासाठीच तर आपण भिंती सोडून मैदानात आलो. तेव्हा नियोजनाचा कागद शेवटच्या रांगेपासून भरायला घ्या, एवढंच म्हणणं आहे.

आधी वेळ. मागच्या वर्षीचं वेळापत्रक उचलायचं आणि वरची तारीख बदलायची, ही चूक वर्षानुवर्षं चालू आहे. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांत कुठंही येतो. २०२४ मध्ये ३१ मार्चला होता, २०२५ मध्ये २० एप्रिलला. तेवढ्या वीस दिवसांत उत्तर गोलार्धात बहुतेक ठिकाणी सूर्योदय साधारण दहा मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत लवकर होतो. मग 'प्रभू उठला आहे!' ही येशूच्या पुनरुत्थानाची घोषणा म्हणायच्या आधीच सूर्य डोक्यावर ऊन टाकून मोकळा झालेला असतो. त्या दिवसाची, त्या ठिकाणची वेळ काढा आणि मागं मोजत या. पूर्वेला झाडं किंवा इमारती असतील तर सूर्य प्रत्यक्ष दिसायला आणखी दहा-पंधरा मिनिटं धरा. पाच मिनिटं इकडंतिकडं झाली तर भांडू नका. योहानाच्या शुभवर्तमानात मग्दालिया मरिया अंधार असतानाच येशूच्या कबरेकडे जाते, मार्कात स्त्रिया सूर्य उगवल्यावर पोचतात.

आता स्टेजचं तोंड. सूर्य मागून उगवताना फोटो सुंदर येतो म्हणून स्टेज पूर्वेला बांधतात. पहिली दहा मिनिटं खरंच सुंदर जातात. नंतर हजार माणसं डोळ्यांवर हात धरून बसतात, पाळकांचा चेहरा काळा दिसतो आणि प्रोजेक्टरचा पडदा कोरा होतो. उत्तर गोलार्धात स्टेज मैदानाच्या उत्तर टोकाला ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये सूर्य जवळपास पूर्वेलाच उगवतो, तो लोकांच्या उजव्या हाताला राहतो. घोषणेच्या वेळी सगळ्यांना उभं करून उजवीकडे वळायला सांगा. कपड्यांची सळसळ होत अख्खं मैदान उजेडाकडे वळतं, त्याची सर कुठल्याही रोषणाईला येत नाही.

बजेट मात्र आवाजावर लावा. फक्त स्टेजजवळ दोन मोठे स्पीकर लावून मागं ऐकू जावं म्हणून आवाज चढवला की पुढचे कान दाबतात आणि मागच्यांना नुसता गोंगाट पोचतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं पडतो. त्यापेक्षा ३०-४० मीटरवर स्पीकरची दुसरी जोडी उभी करा आणि तिला डिले द्या, म्हणजे तिचा आवाज जरा उशिरा सोडा, दर मीटरला सुमारे ३ मिलिसेकंद. म्हणजे ४० मीटरवर साधारण १२० मिलिसेकंद. हे विसरलं की मागं प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो आणि घोषणेला लोकांचा 'खरोखर उठला आहे!' हा प्रतिसाद अर्धवट, लाजत निघतो.

दुसरी गोम पहाटेच्या हवेची आहे. पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, त्यामुळे आवाज खाली वाकतो आणि फार लांब जातो. साउंड चेक तेव्हाच होतो, सगळे खूश. ऊन चढून जमीन तापली की उलटं होतं, आवाज वर वळतो आणि ऐन संदेशाच्या वेळी शेवटच्या रांगा सुटतात. एक माणूस उपासनाभर मागं उभा ठेवा, त्याचं काम फक्त हात वर-खाली करून साउंडवाल्याला खूण करणं. माइकवर फोमची टोपी हवीच. नाहीतर वारा सुटला की संदेशाआधी वाऱ्याची घरघर ऐकू येते.

गाण्याचंही तेच. ७० मीटरवरच्या माणसाचं गाणं वादकापर्यंत परत यायला जवळजवळ ०.४ सेकंद लागतात. ढोलकी किंवा ड्रमवाला लोकांच्या सुरामागं गेला की चाल रेंगाळत जाते. त्यानं लोकांकडे कान बंद करून वाजवावं. गिटार पहाटेच्या गारव्यात लावलेली असते, ऊन लागलं की उतरते, म्हणून मधे एकदा जुळवायला जागा ठेवा. गाण्यांचे शब्द मोठ्या अक्षरांत कागदावर द्या. दव पडतं, कागद मऊ होतात, म्हणून जाड घ्या आणि वाटेपर्यंत झाकून ठेवा. खुर्च्यांसाठी फडकी मात्र भरपूर लागतात, हे दरवर्षी आयत्या वेळी आठवतं.

मेणबत्त्यांना कागदी कप लावा आणि एकच सूचना द्या: पेटलेली मेणबत्ती उभीच राहील, न पेटलेली तिच्याकडे झुकेल. उलटं केलं की वितळलेलं मेण शेजाऱ्याच्या हातावर. ईस्टर पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो, त्यामुळे आभाळ स्वच्छ असेल तर पहाटे चंद्र असतोच. पण त्याच्या भरवशावर केबलवर पाय पडायचा थांबत नाही. फाटकापासून खुर्च्यांपर्यंतची वाट उजळा, केबल झाका.

प्रभुभोजनाचं, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटण्याच्या विधीचं, गणित अगोदर करा. एका कपात १२-१५ मिली धरले तर हजार जणांना सुमारे १५ लिटर द्राक्षरस लागतो, सांडलवंड वेगळी. एका जागी मिनिटाला बारा माणसं सरकतात. दहा जागा केल्या तर आठ-नऊ मिनिटांत उरकतं, चार केल्या तर वीस मिनिटं आणि लोक घड्याळ बघतात. भाकरीच्या ताटांना झाकण हवं, पातळ वेफर वाऱ्यावर उडतात. जागा मागच्या बाजूलाही ठेवा. ज्याला घ्यायचं नाही त्यानं बसून राहिलं तरी चालतं, हे माइकवरून अवघडलेपण न ठेवता सांगा.

संदेश पंधरा मिनिटांत आटपा. पाहुण्यांची ओळख, आभार, वर्गणीदारांची यादी हे सगळं पत्रकावर जाऊ द्या. १७३२ साली जर्मनीतल्या हेर्नहूट गावी मोरावियन या प्रोटेस्टंट मंडळीतले तरुण ईस्टरच्या पहाटे दफनभूमीत जमले, तेव्हा आभारप्रदर्शन झाल्याची नोंद माझ्या तरी वाचनात नाही.

स्टेजमागं अखंड कापडी बॅनर ताणू नका, त्याचं शीड होतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. पावसाचा निर्णय आदल्या संध्याकाळी एकाच माणसानं घ्यावा, समितीनं नाही.

आणि आशीर्वचन झालं की पाळकांनी स्टेजवर फोटोसाठी थांबू नये. शेवटच्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला खाली उतरून फाटकापाशी जावं, कारण शेवटची रांग सगळ्यात आधी निघते.