रग्बी हा धुण्याचा खेळ आहे

रग्बीत चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. पास द्यायचा तो मागच्याला, फार तर बाजूच्याला. आमच्या ज्युनियर क्लबच्या कार्यकारिणीने हा नियम फारच मनावर घेतला आहे. अध्यक्षांकडे आलेलं काम ते मागे सचिवांकडे देतात, सचिव खजिनदारांकडे, खजिनदार "मी फक्त हिशेबापुरता" म्हणत आणखी मागे. आणि सगळ्यात मागे, बुटाची नाडी बांधत, मी असतो. क्लबमध्ये पगार कोणालाच नाही, त्यामुळे काम टाळलं म्हणून तो कापायचीही सोय नाही. माझं पद संघ व्यवस्थापकाचं, काम धोब्याचं.

हंगामाची सुरुवात फॉर्मपासून होते. 'कशाची ॲलर्जी आहे का' या रकान्यात एका वडिलांनी 'अभ्यासाची' असं लिहून दिलं होतं, आणि सचिवांनी ते न वाचता तसंच वर पाठवलं. वरून खुलासा मागवणारं पत्र आलं. तेही पास होत होत माझ्याकडे आलं.

मग मैदान. फक्की मारायला बोलावलेल्या पालकांपैकी दोघे येतात. एक दोरी धरतो आणि दुसरा ती कशी धरावी हे सांगतो. तरी रेषा वाकडीच येते, पण लहान मुलं रेषेकडे बघून पळत नाहीत, त्यामुळे बिघडत काही नाही.

सगळ्यात लहान गटाला टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला धरून खाली पाडणं, नसतो, टॅग असतो. कमरेच्या पट्ट्याला दोन बाजूंना दोन फिती लावलेल्या, चेंडू घेऊन पळणाऱ्याची फीत ओढायची, ती उंच धरून "टॅग!" म्हणून ओरडायचं आणि मग मालकाला परत द्यायची. ओढणं आणि ओरडणं आमच्या मुलांना पहिल्याच दिवशी जमलं. परत देणं हंगामाच्या शेवटापर्यंत जमलं नाही. एकाने सामन्यात जमवलेल्या सगळ्या फिती खिशात घालून घरी नेल्या. आणखी एक चिरंजीव चेंडू घेऊन भलतेच सुंदर पळाले, सगळ्यांना चुकवून, थेट आपल्याच गोलरेषेपलीकडे. तिकडे आई उभी होती. गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की तो ट्राय, आणि ट्रायला पाच गुण असतात, पण समोरच्यांच्या हद्दीत टेकवला तर, हे त्या माउलीला कोण सांगणार? ती टाळ्या वाजवत होती.

पालक ही या खेळाची खरी अवघड बाजू. मोठ्या मुलांच्या सामन्यात चेंडू हातून निसटून पुढे पडला तर चूक, मागे पडला तर खेळ चालू. एवढं ज्याला कळलं तो पालक तज्ज्ञ. त्यातून चूक एकाची झाली आणि दुसऱ्या संघाला त्यातून फायदा होत असला, तर पंच शिट्टी न वाजवता नुसता हात आडवा धरून खेळ पुढे चालू देतात. काठावरून लगेच "शिट्टी! अहो शिट्टी!" सुरू होतं. रग्बीत पंचांशी बोलायचं ते कर्णधाराने, तेही अदबीने, ही पद्धत बारा वर्षांच्या पोरांना पाठ आहे. त्यांच्या बापांसाठी निराळा वर्ग काढावा असा ठराव मी मांडला होता. त्याला अनुमोदन मिळालं नाही.

एका बाबतीत मात्र मी कोणाचंच ऐकत नाही. डोक्याला मार लागल्याचा नुसता संशय आला तरी खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी पुन्हा आत नाही. बाकी बर्फाच्या पिशव्या मी मागेल त्याला देतो. निम्म्या तर पराभवावरच खर्च होतात.

आता मूळ विषय, जर्सी. त्या मुलांना घरी न्यायला दिल्या की चार वेगवेगळ्या निळ्या छटांच्या होऊन परत येतात, आणि दोन येतच नाहीत. म्हणून त्या एकाच घरी धुवाव्यात असं ठरलं. कोणाच्या, ते वर आलंच आहे. रग्बीत नंबर खेळाडूच्या जागेवरून ठरतो: एक ते आठ पुढचे, नऊ ते पंधरा मागचे. दहा नंबरला सगळा खेळ हलवायला मिळतो, म्हणून तो सगळ्यांना हवा. एक आणि तीन नंबरच्या मुलांना मात्र सामनाभर स्क्रममध्ये, म्हणजे दोन्हीकडचे पुढचे खेळाडू एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटारेटी करतात त्यात, मान घालून ढकलत राहावं लागतं. त्यामुळे दहा नंबर बहुधा कोरडा येतो, आणि तीन नंबरची जर्सी मशीनमध्ये टाकण्याआधी दोन वेळा बादलीत बुडवावी लागते. गाळ बसला की अंगणातल्या कुंड्या भरतात. मशीनच्या जाळीत आजवर गवत, एक माउथगार्ड आणि एक दुधाचा दात सापडला. दात कोणाचा, असं ग्रुपवर विचारलं तर तीन घरांनी हक्क सांगितला. रविवारी कोण कोण येणार, या प्रश्नाला त्याच ग्रुपवर फक्त अंगठे उमटतात. तो अंगठा 'येतो'चा की 'वाचलं'चा, हे रविवारीच कळतं.

१८२३ साली इंग्लंडमधल्या रग्बी शाळेत विल्यम वेब एलिस नावाच्या मुलाने फुटबॉल खेळताना चेंडू हातात उचलून धूम ठोकली आणि हा खेळ जन्मला, अशी आख्यायिका आहे. पुरावा जेमतेम, पण विश्वचषकाच्या करंडकाला नाव त्याचंच. त्या दिवशी त्याचे कपडे कोणी धुतले, याची कुठेही नोंद नाही.

शेवटी बक्षीस समारंभ. प्रत्येक मुलाला काहीतरी मिळालंच पाहिजे, असा दंडक असल्यामुळे बक्षिसं आधी मोजायची आणि गुण नंतर शोधायचे. 'सर्वाधिक प्रगती' मिळाली ती आईकडे पळालेल्या चिरंजिवांना. आता ते निदान पळण्याआधी विचारतात. तीन नंबरवाल्याला 'अथक परिश्रम' दिलं. तो ट्रॉफी घेऊन खाली उतरला आणि माझ्याजवळ येऊन म्हणाला,

"काका, पुढच्या वर्षी मी येणार नाही. आईने स्विमिंग लावलंय."

"छान," मी म्हटलं. "जर्सी तेवढी धुऊन आणून दे."

"ती तुमच्याकडेच भिजत आहे, काका."