येणं असेल तेव्हा दोन, देणं असेल तेव्हा एक

जोडून जन्मलेल्या जुळ्या मुली तुमच्या हाती लागल्या असतील तर आधी अभिनंदन. तुमची सोय झाली, जमलं तर जावयाचीही होईल. मात्र धंदा पद्धतशीर हवा, आणि तो शिकावा इंग्लंडात ब्रायटनच्या मेरी हिल्टनबाईंकडून. त्यांच्याकडे कामाला असलेल्या केट स्किनर या अविवाहित मुलीला 5 फेब्रुवारी 1908 रोजी दोन मुली झाल्या, डेझी आणि व्हायोलेट, कमरेच्या खाली पाठीकडून एकमेकींना जोडलेल्या. बाळंतपणाला मेरीबाई जातीने हजर होत्या. आईला लेकी नकोशा वाटल्या. मेरीबाईंना त्या लगेच हव्याशा वाटल्या. याला व्यवहारज्ञान म्हणतात.

आता तुम्हाला पहिला प्रश्न पडेल, या मुली एक धरायच्या की दोन? उत्तर आत्ताच पाठ करून ठेवा, पुढे साठ वर्षं उपयोगी पडेल: येणं असेल तेव्हा दोन, देणं असेल तेव्हा एक.

सुरुवात घरापासून करा. मेरीबाईंनी मुलींना पबच्या मागच्या खोलीत ठेवलं. गिऱ्हाईक बिअर पिऊन आत यायचं, पैसे टाकायचं आणि जिथे दोघी जोडल्या होत्या ती जागा हवी तर हात लावून बघायचं. जाताना फोटोची पोस्टकार्डं विकत घ्यायचं. मुली रांगायच्या आधीच कमवायला लागल्या होत्या. तुमचा मुलगा इंजिनिअर होऊनही अजून घरी बसलेला असेल, तेव्हा हे वाचून जीव जळणारच.

डॉक्टरांशी गोडीत राहा. जन्माच्या वेळी बोलावलेल्या डॉक्टर रूथ यांनी 1911 मध्ये ब्रिटनच्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात या मुलींवर लेख लिहिला. अशी जाहिरात पैसे देऊन मिळत नाही. दोघींचं रक्ताभिसरण एकमेकींशी जोडलेलं होतं. वेगळं केलं तर जीव जाईल, असा डॉक्टरांचा सल्ला होता. तुम्हालाही तोच सल्ला सोयीचा आहे. शिवाय तो खिशातून एक पेनी न काढता पाळता येतो.

मुलींना नुसतं बसवून ठेवू नका. बघ्यांना दोन मिनिटांत कंटाळा येतो. व्हायोलेटला सॅक्सोफोन द्या, डेझीला व्हायोलिन, दोघींना नाच शिकवा. ऐकत नसतील तर मेरीबाईंच्या कमरेला रुंद बकलाचा पट्टा होता. तोंडावर मात्र मारू नये. व्रण उठलेला चेहरा बघायला कोण पैसे देईल? त्या घरात हा नियम कटाक्षाने पाळला जायचा, असं बहिणींनीच पुढे सांगितलं आहे. स्वतःला मात्र 'आंटी' म्हणवून घ्या. मेरीबाईंनी तेच केलं, आणि नवऱ्याला 'सर' म्हणायला लावलं. नात्याचा एखादा शब्द तोंडी असला की पगार मागायची बुद्धी होत नाही.

आपण काही अमरपट्टा घेऊन आलेलो नाही, म्हणून मृत्युपत्राकडे दुर्लक्ष नको. 1919 मध्ये अमेरिकेतल्या अलाबामात मेरीबाई गेल्या. दागिने आणि सामानसुमान यांच्या जोडीने या दोन मुलीही लेक इडिथ आणि जावई मायर मायर्स यांच्याकडे गेल्या. हे मायर्स मूळचे फुगेवाले. फुगेवाल्याचं नशीब फुगावं तर असं: मुलींनी रंगमंचावर आठवड्याला हजारो डॉलर मिळवायचे आणि टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोला बंगला उभा राहायचा मायर्सचा. बंगला बघून मुलींनी काही विचारलंच, तर 'तुम्हाला अनाथाश्रमात टाकू' म्हणायचं. रात्री आपल्याच खोलीत झोपवायचं, म्हणजे पळायची भीती नाही.

पाहुण्यांवर मात्र नजर ठेवा. जादूगार हुदिनीशी ओळख झाली, तेव्हा मनातल्या मनात एकमेकींपासून सुटायचं कसं हे त्याने शिकवलं, असं त्या सांगत. बेड्या तोडणं हाच ज्याचा पोटापाण्याचा धंदा, त्याला घरात घेणं म्हणजे शुद्ध गाढवपणा. बॉब होपसारख्या नाचऱ्या पोरांबरोबर काम करू द्यायला हरकत नाही, ते फक्त हसवतात.

दुसरा धोका एकविसाव्या वर्षाचा. ज्यांच्यामुळे 'सयामी जुळे' हा शब्दच रूढ झाला त्या चांग आणि एंग यांनी 1832 मध्ये एकवीस पूर्ण होताच मालकाला रामराम ठोकला आणि दौऱ्यांचा गल्ला स्वतःकडे घेतला. (पुढे नॉर्थ कॅरोलायनात शेतीवाडी करून त्यांनी स्वतः गुलाम विकत घेतले. धंदा जवळून पाहिल्याचा फायदा होतोच.) मायर्सने एकविसाव्यानंतरही आणखी दोनेक वर्षं गाडी हाकली, यात त्याचं कसब दिसतं. पण एका माणसाच्या घटस्फोटाच्या दाव्यात बहिणींचं नाव गोवलं गेलं आणि त्यांना वकिलाकडे न्यावं लागलं. तिथे त्यांनी त्या दाव्याचं सोडून स्वतःचंच गाऱ्हाणं सांगितलं. 1931 मध्ये कोर्टाने त्यांना मोकळं केलं, लाखाच्या घरात डॉलर मिळवून दिले. तेव्हा वकिलाच्या दारात मुलींना कधीही एकटं सोडू नका. एकटं म्हणजे दोघींनाच.

आता तुम्ही म्हणाल, पाखरं उडाली, संपलं. छे! तुम्ही नसलात तर बाजार आहेच. त्यांनी केस कापले, पहिल्यांदाच वेगवेगळे कपडे घातले. ते पाहून लोकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. व्हायोलेटला लग्न करायचं होतं, परवाना द्यायला एकवीस राज्यांनी नकार दिला. इथे सरकारने त्या काटेकोरपणे दोन मोजल्या, कारण नवरा एक आणि पलंगावर बाया दोन, हे नीतीत बसेना. शेवटी 1936 मध्ये टेक्सासच्या शताब्दी जत्रेत, डॅलसच्या कॉटन बोल मैदानात, तिकीट लावून लग्न लागलं. हीच नीती तिकीट लावल्यावर गप्प बसते, हे लक्षात ठेवा. मंगल कार्यालयाचं भाडं भरण्यात काही अर्थ नाही, स्टेडियम घ्या. नवरा मुलगा त्यांच्याच कार्यक्रमातला नाचणारा जोडीदार होता. संसार झाला नाही, पण गर्दी झाली.

मग गर्दीही ओसरली. रंगमंचाची जागा सिनेमाने घेतली. त्यांनी मायामीत स्नॅक बार काढून पाहिला, तोही चालला नाही. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी काम केलेला जुना सिनेमा दाखवायला म्हणून एका माणसाने त्यांना नॉर्थ कॅरोलायनात शार्लटला आणलं आणि तिथेच सोडून दिलं. या माणसाकडून एवढंच शिका, परतीचं भाडं दोघींचं पडत असेल तर मुळात काढूच नये.

त्यांनी तिथल्या किराणा दुकानात नोकरी धरली. गिऱ्हाईक पिशवीत बटाटे, सफरचंदं घालून यायचं, या वजन करून किंमत लावायच्या. आयुष्यभर लोकांनी यांना निरखलं, आता या भाजी निरखत होत्या. धंद्याच्या दृष्टीने या वर्षांत शिकण्यासारखं काहीच नाही, पगार वेळेवर मिळत होता.

जानेवारी 1969 मध्ये त्या कामावर आल्या नाहीत, म्हणून दुकानातल्यांनी चौकशी केली. हाँगकाँग फ्लूची साथ होती. डेझी आधी गेली होती. व्हायोलेट त्यानंतर दोन ते चार दिवसांनी.

हक्क मात्र मरत नाहीत, तेव्हा नाटक काढायला विसरू नका. 1997 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर या बहिणींवर संगीतिका आली. काम करणाऱ्या दोन नट्या स्वतंत्र, धडधाकट, आपापल्या घरी राहणाऱ्या. तिथल्या नाटकांसाठीच्या टोनी पुरस्काराच्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या यादीत त्यांची नावं आली तेव्हा समितीने दोघींना मिळून एक नामांकन दिलं.