सोमवारी बंद

आमच्या नात्यागोत्यात परदेशवारी देशांच्या आकड्यावर मोजतात. मोठ्या जाऊबाई टूरबरोबर जाऊन युरोपातले अर्धा डझन देश उरकून आल्या, तेव्हापासून घरातल्या प्रत्येक प्रवासावर त्यांचा शब्द शेवटचा असतो. त्यामुळे "आम्ही आठवडाभर इटलीत, फ्लॉरेन्सला चाललोय" असं मी जाहीर केल्यावर पहिला प्रश्न आला, "आणि पुढे?" पुढे काही नाही, परत घरी. "म्हणजे एकच गाव? आठवडाभर?" मग आवाज जरा खाली आणून, "तिथे कुणाचं बाळंतपण वगैरे आहे का?" परदेशातल्या एकाच गावात मुक्काम ठोकायला आपल्याकडे एवढं एकच सबळ कारण मान्य आहे.

जाऊबाईंचं फ्लॉरेन्सही झालेलं आहे. "हो, ते. घुमट आहे ना एक मोठा? सकाळी उतरलो, जेवलो आणि पुढे गेलो. जेवणात गुलाबजाम होते," असं त्यांनी त्या शहराचं सार सांगितलं.

मुळात कल्पना लेकीची. ती कलेचा इतिहास शिकते आणि उफिझीचं संग्रहालय एका दुपारीत बघणाऱ्या माणसांविषयी ती जे बोलते ते इथे लिहिण्यासारखं नाही. नवऱ्याची हयात बँकेच्या ऑडिटमध्ये गेली आहे, त्यामुळे त्यानं लगेच एक्सेल उघडलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मी पण येणार." का, ते सांगितलं नाही. आम्हाला वाटलं, हवापालट.

पहिला डोंगर व्हिसाचा. सहलीचं काहीही पक्कं करायचं तर आधी व्हिसा हातात हवा, आणि व्हिसा हवा तर सहलीचं सगळं पक्कं झालेलं हवं. विमानाचं आरक्षण, राहायच्या जागेचं आरक्षण, 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेचे उतारे, आयकराचे कागद, आणि रोज कुठे जाणार याचा तक्ता. फोटो 35 बाय 45 मिलिमीटर, पार्श्वभूमी फिकी, चेहरा निर्विकार. चौकातल्या फोटोवाल्यानं सवयीनं "आजी, जरा हसा" म्हटलं आणि त्या हसल्यावर "नाही नाही, हसू नका" म्हणून परत काढला. दुसऱ्या फोटोत त्या फोटोवाल्याकडे जशा बघतायत, तसा फोटो पोलीस चौकीत लावतात. व्हिसाला मात्र तो चालला.

सोबत एक पत्रही द्यायचं असतं. का जाताय, खर्च कोण करणार आणि परत का येणार. नवऱ्यानं नोकरी, फ्लॅट, ठेवी अशी मालमत्ता मांडली. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एवढं कशाला? गौरी-गणपतीला घरी नको का यायला, असं लिही." मला अजूनही वाटतं की सगळ्या अर्जात तेवढंच एक कारण खरं होतं.

तक्ता करायला बसलो आणि कळलं की ऐतिहासिक शहर बघायला जायचं नसतं, त्याची वेळ घ्यायची असते. उफिझी सोमवारी बंद. मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा ज्या अकादेमिया संग्रहालयात उभा आहे ते सोमवारी बंद. पित्ती राजवाडा सोमवारी बंद. त्याच्या मागची बोबोली बाग मात्र सोमवारी उघडी. पण महिन्यातला पहिला आणि शेवटचा सोमवार सोडून. गॅलिलिओचं संग्रहालय, जिथे त्या बिचाऱ्याचं बोट काचेखाली जपून ठेवलंय, ते मंगळवारी दुपारी एकलाच दार लावतं. ही वेळ पुण्याच्या माणसाला लगेच पटली. मोठं कॅथेड्रल रविवारी प्रार्थनेसाठी, पाहुण्यांसाठी नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट. हे वाचून नवऱ्याचे डोळे लकाकले, तर लेक म्हणाली, "बाबा, ते सगळ्या जगानं वाचलंय."

एक्सेलमध्ये लाल म्हणजे बंद, पिवळा म्हणजे अर्धा दिवस, हिरवा म्हणजे आरक्षण मिळतंय. हिरवा रंग पहाटेचा दिसायचा आणि चहा होईस्तोवर जायचा. कॅथेड्रलच्या घुमटावर चढायची वेळ वेगळी घ्यावी लागते आणि ती चुकली तर चुकली. नवऱ्यानं प्रत्येक रांगेला किती मिनिटं, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला किती, असे रकाने पाडले. बॉत्तिचेल्लीच्या व्हीनसच्या चित्राला त्यानं दहा मिनिटं दिली होती. लेकीनं ती खोडून दीड तास केला. रात्री उठून त्यानं चाळीस मिनिटं केलं. हा वाद आमच्या लग्नातल्या देण्याघेण्याच्या बैठकीपेक्षा जास्त लांबला.

मग राहायची जागा. जाहिरातीत "ऐतिहासिक वास्तू" असं दिसलं की समजावं, लिफ्ट नाही. "मूळ लाकडी तुळया" म्हणजे चौथा मजला. "छतांचं विहंगम दृश्य" म्हणजे चौथ्याच्याही वर. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी तळमजला शोधायला गेलो तर तिथे खिडकी रस्त्यावर आणि रस्त्यावर बार. शेवटी एक घर सापडलं आणि नकाशावर त्याच्या शेजारचं वाणसामानाचं दुकान शोधायला घेतलं, तर पत्त्यांचं एक नवीनच प्रकरण निघालं. त्या गावात एकाच रस्त्यावर नंबरांच्या दोन माळा असतात. राहत्या घरांचे नंबर निळे किंवा काळे, दुकानं आणि खानावळींचे लाल. दोन्ही माळा आपापल्या वेगानं चालतात, एकीचा दुसरीशी संबंध नाही. त्यामुळे निळ्या 40 च्या शेजारी लाल 86 सुखानं नांदतो आणि लाल 40 पार चौकापलीकडे असतो. माझं बालपण सदाशिव पेठेत गेलं, जिथे आठशे अमुकनंतर बाराशे तमुक लागतं आणि पोस्टमनखेरीज कुणाचं काही अडत नाही. मी एकटीच निर्धास्त होते. नवऱ्यानं एक्सेलमध्ये "नंबरचा रंग" असा रकाना वाढवला.

गाडी भाड्यानं घ्यायचं त्याच्या मनात होतं. ते एका स्नेह्यांनी उडवलं. जुन्या शहरात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, हद्दीवर कॅमेरे असतात, ते नंबरप्लेट टिपतात आणि कुणी काही बोलत नाही. स्नेही घरी परतले, फोटो दाखवून झाले, आंब्याचा मोसम आला आणि त्याबरोबर दंडाचं पत्र आलं. शिवाय ते एकाच गल्लीत पत्ता शोधत पुन्हा पुन्हा शिरले होते, म्हणून पत्रंही तेवढीच. तेव्हा रोमला उतरून दीड तासाची वेगवान रेल्वे, आणि पुढे पायी. गाव आहेच लहान.

पायी म्हटल्यावर पुलांचा प्रश्न आला. आर्नो नदीवरचा पोंते वेक्यो 1345 चा. त्यावर दोन्ही बाजूंना दुकानं आहेत. पूर्वी खाटकांची होती. तिथल्या राज्यकर्त्या मेदिची घराण्याचा खासगी बंदिस्त रस्ता त्याच पुलाच्या डोक्यावरून राजवाड्याकडे जातो. महाराजांच्या नाकाला ते सोसेना, म्हणून 1593 साली फर्दिनांदो पहिला यानं खाटकांना हलवून सोनार बसवले. आजही तिथे सोनारच आहेत, अथपासून इतिपर्यंत. हे वाचल्यापासून नवऱ्यानं सगळे रस्ते शेजारच्या सांता त्रिनिता पुलावरून आखायला सुरुवात केली. "तो जास्त डौलदार आहे," असं त्याचं म्हणणं. 1944 च्या ऑगस्टमध्ये माघार घेताना जर्मनांनी फ्लॉरेन्सचे सगळे पूल उडवले आणि पोंते वेक्यो तेवढा ठेवला, हे लेकीनं सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "नेमका तोच."

सासूबाई या सगळ्यात भाजी निवडत बसलेल्या असायच्या आणि मधूनच निकाल द्यायच्या. घुमटाला 463 पायऱ्या आहेत हे ऐकून, "बांधून किती वर्षं झाली?" ब्रुनेल्लेस्कीनं 1436 मध्ये पुरा केला. "आणि अजून लिफ्ट बसवली नाही?" डेव्हिडचा फोटो लेकीनं भीतभीतच दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं. माहेर कोल्हापूरचं, घरासमोर तालीम. "अंग कसलंय बघ पोराचं. खांदे, मांड्या. मेहनतीचं आहे. लंगोट कुठाय?" मग कळलं की 1910 पासून त्याची एक हुबेहूब प्रत चौकात उघड्यावर उभी आहे आणि ती बघायला पैसे पडत नाहीत. "मग आत कशाला?" मायकेलअँजेलोनं हात लावलेला दगड आत आहे, हे लेकीनं परोपरीनं समजावलं. अकादेमियाचं त्यांचं तिकीट अखेर काढलं ते आत बसायला बाकं आहेत या मुद्द्यावर.

खाण्याचं मी माझ्याकडे घेतलं होतं. तिथली शान म्हणजे वजनावर विकला जाणारा गोमांसाचा जाडजूड तुकडा. तो आपोआप बाद. पाव अळणी, मुद्दाम अळणी. रिबोल्लिता नावाचं एक सार मिळतं: पालेभाजी, घेवड्याचे दाणे आणि शिळा पाव, कालचं आज पुन्हा उकळलेलं. याला परदेशात पैसे मोजायचे, हे मला जड गेलं. टेबलाशी बसल्याबद्दल माणशी वेगळा आकार असतो. म्हणून थोडी शिदोरी न्यावी असं ठरलं, तर युरोपात बाहेरून दूधदुभतं नेता येत नाही. तुपाची बरणी आणि खवा बाद. चटण्या राहिल्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत. तुपावर त्या गप्प बसल्या, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

तक्ता भरत आला होता. शेवटची एक सकाळ मोकळी होती. नवऱ्याला ती राखीव ठेवायची होती, लेकीला ब्रांकाच्ची चॅपेलमधली भित्तिचित्रं बघायची होती. सासूबाईंनी विळी बाजूला ठेवली. "ती सकाळ माझी. आमच्या महाराजांच्या छत्रीला जायचं."

कोणते महाराज, कुठली छत्री? मग त्यांच्या तोंडून एकदम कोल्हापूरच सुरू झालं. छत्रपती राजाराम महाराज, दुसरे. इंग्लंडचा प्रवास करून परत येताना 1870 च्या 30 नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय जेमतेम विशीचं. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होतं. तिथे दहनाचा रिवाज नाही, तरी सरकारनं परवानगी दिली. आर्नो आणि मुन्योने यांच्या संगमावर, आपल्या रीतीनं अग्नी दिला. तिथेच 1874 साली छत्री उभी राहिली, आत महाराजांचा अर्धपुतळा. जवळचा मोठा पूल आज त्यांच्यावरूनच इंडियनचा पूल म्हणून ओळखला जातो. "माझे वडील सांगायचे. दोन नद्या बघून जागा निवडली म्हणून. तुमच्या त्या यादीत कुठंच न्हाई ते."

नव्हतंच. नवऱ्यानं शोधलं. कास्चिने बागेच्या पार पश्चिम टोकाला. ट्रामनं बागेच्या अलीकडच्या तोंडाशी जाता येतं, तिथून पुढे बागेची सगळी लांबी चालायची. वेळ घ्यावी लागत नाही, तिकीट नाही, सोमवारीही बंद नसतं. एक्सेलमध्ये रंग कोणता द्यावा हेच त्याला कळेना.

"आई, चाल बरीच आहे. गुडघे?"

"घुमटाला दुखतात. इथं न्हाई दुखायचे." आणि मग खरी मागणी. "एक नारळ घेऊ. हात हलवत कसं जायचं?"

तूप अडवणारे लोक नारळ सोडतील यावर माझा विश्वास नव्हता. नवऱ्यानं नियम काढले आणि वाचता वाचता त्याचा आवाज बदलला. बाहेरून फळं न्यायची तर निरोगीपणाचा दाखला लागतो, फक्त पाच फळांना माफ आहे: अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ. युरोपला नारळ चालतो! लेकीनं टाळ्या वाजवल्या. पण तो ऑडिटरच. युरोपला चालतो, पण विमानाला? हातातल्या पिशवीत की मोठ्या बॅगेत? सोललेला की शेंडीसकट? सुकं खोबरं म्हणजे ज्वालाग्राही पदार्थ असं कुठेतरी वाचल्याचं त्याला आठवत होतं. विमान कंपनीला फोन करावा, तर हेल्पलाइनच्या पोरीला काय विचारायचं, आणि त्या नोंदीमुळे आपल्या तिकिटाला काही झालं तर?

"अरे, विचार की," सासूबाई म्हणाल्या. "विचारायला काय तिकीट पडतंय?"