देवीचा व्हायरस आणि झाशी रोडची लॅब

आमच्या ग्वाल्हेरच्या, लष्कर भागातल्या फॅमिली ग्रुपवर परवापासून एक मेसेज फिरतोय, काकांनीच तीनदा टाकला: 'झाशी रोडच्या डिफेन्स लॅबमध्ये देवीचा व्हायरस ठेवलाय, मंकीपॉक्स तिथूनच सुटला, हवेतून पसरतो, पण ज्याच्या दंडावर वण आहे त्याला काही होत नाही.' काका राग मानू नका, पण एका मेसेजात एवढ्या थापा म्हणजे कमाल आहे.

देवीचा, म्हणजे स्मॉलपॉक्सचा व्हायरस अधिकृतपणे जगात दोनच ठिकाणी आहे, अमेरिकेत अटलांटा आणि रशियात कोल्त्सोवो. आपली डीआरडीई, म्हणजे झाशी रोडची हीच डिफेन्स लॅब, त्यात नाही. ती डेंग्यू-चिकनगुन्या ओळखायचे किट बनवते, आणि जैविक हल्ला झालाच तर कशाने झालाय हे पटकन कळायला नको का, ते काम करते. कोविडमध्ये तिथेही सॅम्पल तपासायचे, तेव्हा कोणी घाबरलं नाही, उलट रिपोर्ट कधी येणार म्हणून सगळ्यांचा जीव टांगणीला.

बरं, सुटला तिथूनच म्हणता, तर १९५८ मध्ये कोपनहेगनला माकडांत सापडला तो कुठून गेला? आणि माणसात पहिल्यांदा १९७० ला काँगोत, नऊ महिन्यांच्या बाळाला. ते बाळ काय महाराज बाड्यावर फिरायला आलं होतं?

हवेचं म्हणाल तर हा मुख्यतः अंगाला अंग लागून, फोडांतून, खपल्यांतून, आजाऱ्याच्या चादरी-टॉवेलमधून पसरतो. अगदी तोंडासमोर बराच वेळ बसलात तर गोष्ट वेगळी, पण दाल बाजारात एक चक्कर मारून आलात म्हणून नाही होत.

आता वण. यात थोडं तथ्य आहे हं. आजीच्या दंडावर दोन गोल, सुरकुतलेले वण होते, 'लहानपणी देवी काढल्या' म्हणायची, म्हणजे देवीची लस टोचलेली. ती लस व्हॅक्सिनिया नावाच्या चुलत व्हायरसची, त्यामुळे देवीसकट मंकीपॉक्सलाही बऱ्यापैकी अडवते, मात्र वर्षं उलटली की जोर कमी होतो. पण ती लस सत्तरच्या दशकाच्या शेवटी बंद झाली. काकांनी माझा दंड बघून 'तूही सेफ' म्हटलं, अहो मी ८७ चा, हा वण बीसीजीचा, टीबीच्या लसीचा!

आणि घाबरायचंच हौसेने तर या खानदानातला एक आपल्याकडे आधीपासून आहे, म्हशींना होणारा बफेलोपॉक्स, त्याच व्हॅक्सिनियाच्या गोतावळ्यातला. म्हशीच्या सडांवर फोड येतात, मग धार काढणाऱ्याच्या बोटांवर. काका, तुम्ही रोज सकाळी गोठ्यावर दूध आणायला जाता ना, भैयाच्या हातावर असं काही दिसलं तर मेसेज नका टाकू, त्याला डॉक्टरकडे पाठवा.