कागदपत्रं हरवायचीत? मग जरा प्लॅनिंग करून हरवा

हल्ली लोक कागदपत्रं हरवतात ती अगदीच कशीतरी हरवतात. कोणाचं बसमध्ये पाकीट मारलं जातं, कोणाची बॅग रिक्षात राहते, आणि मग दारोदार विचारत फिरतात की आता काय करू. आता काय करू म्हणजे काय? आधी विचार करायला नको? कागदपत्रं हरवायची तर पूर्वतयारी लागते, आणि ती तयारी म्हणजे सगळी कागदपत्रं जवळ असणं. एवढं एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं आहे.

पहिलं म्हणजे एकेक कागद हरवण्यात वेळ घालवू नका. नुसतं पॅन कार्ड हरवलं तर ५० रुपये भरून रिप्रिंट मागवता येतं, आधारवर ओटीपी येतो, कार्ड पोस्टाने घरी येतं, यात कसला आलाय अनुभव. त्यापेक्षा आधार, पॅन, लायसन्स, मतदार कार्ड, एटीएम सगळं एकत्र ठेवा, आणि मोबाइलच्या त्या फ्लिप कव्हरच्या कप्प्यांत ठेवलंत तर उत्तमच, चोराचे पण कष्ट वाचतात. फोन जायलाच हवा बरं का. फोन राहिला तर सगळा खेळ खलास, कारण मग तुम्ही बसल्या जागी ई-आधार डाउनलोड करणार, डिजिलॉकर उघडणार (कागदपत्रं मोबाइलवर ठेवायची सरकारी सोय, २०१५ पासून आहे ती, आणि त्यातलं लायसन्स ट्रॅफिक हवालदाराला दाखवलेलं चालतं, कायद्याने चालतं), आणि चहा गार व्हायच्या आत पुन्हा माणसात येणार.

तर फोन गेला असं धरून चालू. आता डुप्लिकेट सिम. मोबाइलच्या दुकानातला पोरगा मान वर न करता विचारतो, आधार आणलंय का. नाही रे, तेच तर हरवलंय. मग नंबर सांगा. १२ आकडी नंबर, जो तुम्ही आजवर शंभर फॉर्मांवर लिहिला पण प्रत्येक वेळी कार्ड समोर ठेवून लिहिला. हरकत नाही, हरवलेला आधार नंबर परत मिळवायची सोय यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, साइटवर आहे, फुकट आहे, चांगली आहे. नाव टाकायचं, रजिस्टर्ड मोबाइल नंबर टाकायचा आणि त्या मोबाइलवर ओटीपी येतो तो भरायचा. कुठल्या मोबाइलवर? त्याच. किंवा मग एनरोलमेंट आयडी द्या, म्हणजे नोंदणीच्या वेळी मिळालेल्या पावतीवरचा १४ आकडी नंबर आणि त्यापुढे तारीख-वेळेचे अजून १४ आकडे, एकूण २८. ती पावती तुम्ही जपून ठेवलीच असेल, घडी करून, पाकिटात. नाहीतर १९४७ ला फोन करा, टोल फ्री आहे, स्वातंत्र्याचं साल आहे त्यामुळे विसरायचा प्रश्न नाही, फक्त फोन कोणाचा तरी मागून घ्या.

समजा कसंतरी करून सिम मिळालं. लगेच उड्या मारू नका, डुप्लिकेट सिम चालू झालं की पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. नियम चांगला आहे, मी खरंच सांगतोय, सिम स्वॅप करून, म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचं सिम आपल्या हातात पाडून, लोकांची खाती साफ करणाऱ्यांना त्याने आळा बसतो. पण ओटीपीवर चालणाऱ्या देशात २४ तास ओटीपीशिवाय काढायचे म्हणजे काय ते ज्याने काढलेत त्यालाच कळतं. या वेळात तुम्ही पोलीस स्टेशनला जाऊन या.

पोलीस स्टेशनला जाताना एक चूक करू नका, खरं सांगू नका. तुम्ही म्हणणार, साहेब, पाकीट मारलं. साहेब रजिस्टरमधनं डोकं काढून विचारतात, मारताना बघितलं का तुम्ही? नाही. मग कशावरून मारलं, पडलं असेल. आता तुम्ही म्हणणार की पाकीट आणि मोबाइल दोन्ही मागच्या खिशातनं चेन उघडून कसे पडतील. असले वाद घालायचे नाहीत. चोरी म्हटलं की गुन्हा दाखल करावा लागतो, गुन्हा दाखल केला की तपास करावा लागतो, आणि तपास नाही लागला की तो आकडा वर्षअखेरीला कोणाच्या तरी डोक्यावर बसतो. "गहाळ झालं" लिहा, सगळे सुखी. चोराचं नाव जगातल्या सगळ्या रेकॉर्डमधून निघून जातं आणि उरता फक्त तुम्ही, एक वेंधळा मनुष्य, ज्याने राहत्या घरून बाजारात जात असताना आपल्या नजरचुकीने सदर कागदपत्रे कोठेतरी गहाळ केली. भाषा तीच ठेवा, "सदर" आणि "कोठेतरी" आलंच पाहिजे, नाहीतर अर्ज परत लिहायला लावतात.

आणि हद्द! हद्दीचा विचार केल्याशिवाय पाकीट हरवायचंच नाही. बस तीन पोलीस स्टेशनांच्या हद्दीतून गेली आणि तुम्हाला उतरल्यावर कळलं, तर हरवलं नेमकं कुठल्या हद्दीत? कोणीतरी शहाणा तुम्हाला सांगेल की १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आलेत, आता कुठल्याही पोलीस स्टेशनला झिरो एफआयआर होते, हद्दीचं कारण देता येत नाही. बरोबर आहे त्याचं. पण ती गुन्ह्यासाठी, आणि तुमचं तर गहाळ आहे ना, आत्ताच तर सही केलीत. गहाळ करणं हा गुन्हा नाही. शेवटी रिपोर्टवर शिक्का मारायच्या आधी साहेब हात पुढे करतात, आयडीची झेरॉक्स द्या.

पुढे प्रतिज्ञापत्र. कचेरीच्या बाहेर झाडाखाली टायपिंगवाले बसलेले असतात, त्यांना फक्त नाव आणि वय सांगायचं, मजकूर तयार असतो, मागच्या गिऱ्हाइकाचा. वाचून घ्या, कारण तुमच्या प्रतिज्ञापत्रात तुम्ही कधीकधी विधवा असता. स्टॅम्प पेपर विचाराल तर पूर्वी १०० चा चालायचा, ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात ५०० चा झाला. आता गंमत बघा, सरकारी ऑफिसात आणि कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला आपल्या राज्यात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफच आहे, साध्या कागदावर चालतं. चालतं म्हणजे आदेशात चालतं, खिडकीवर चालत नाही. तिथे आदेशाची प्रत दाखवणारे तरुण आम्ही खूप बघितलेत, ते अजून रांगेतच आहेत. तसंच स्वयंसाक्षांकनाचं. गॅझेटेड ऑफिसर शोधत फिरायचे दिवस गेले, आता झेरॉक्सवर स्वतःच सही करायची, सरकारचा तुमच्यावर एवढा विश्वास आहे. फक्त पडताळणीला ओरिजिनल दाखवा.

आधार केंद्रावर मात्र वातावरण वेगळं. इथे कागद कमी आणि शरीर जास्त लागतं. मशीनवर बोट ठेवा. नाही आलं. दाबून ठेवा. नाही. दुसरं ठेवा. ऑपरेटर पोरगी शांतपणे सांगते, काका, बोट जरा कपाळाला घासा, तेल लागलं की येतं. तुम्ही घासता. केसातनं फिरवा. फिरवता. मागे रांगेतले लोक बघतायत, एक मोठा माणूस आपलं मधलं बोट टकलावरनं फिरवतोय, सरकारला पटवून द्यायला की हा मी आहे. ज्यांचं आयुष्य भांडी घासण्यात, विटा उचलण्यात, शेतात गेलं त्यांच्या बोटांवरच्या रेषाच झिजलेल्या असतात, मशीनला त्यांची बोटं दिसतच नाहीत. मग डोळे, मग उद्या या, सर्व्हर स्लो आहे.

देशातलं पहिलं आधार दिलं गेलं ते आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० ला. तेव्हापासून "माझे आधार, माझी ओळख" हे वाक्य आपण वाचतोय. आता बँकेत, शाळेत, हॉस्पिटलात, सगळीकडे आधार दिल्याशिवाय पान हलत नाही, आणि आधारवरच छापलेलं असतं की हा ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही. जन्मतारखेचा पण नाही, पीएफवाल्यांनी २०२४ च्या जानेवारीत ते यादीतून काढलंच. जन्मतारखेला शाळा सोडल्याचा दाखला आणा. तो पण पाकिटासोबत बॅगेत होता का? शाब्बास, तुम्ही शिकताय.

दाखल्याची दुय्यम प्रत शाळेतून मिळते, शाळा अजून तिथेच असेल तर. पण दाखला हातात पडला की खरी मजा सुरू होते, कारण त्यावर तुम्ही वेगळेच कोणीतरी असता. शाळेत आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी. पॅनचं पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं असतं, पण एजंटने फॉर्म भरताना नाव आणि आडनाव उलटसुलट टाकलं असेल तर तिथे तुमच्या पाळण्यातल्या नावाचं अक्षर जाऊन बसलेलं. वडिलांचं नाव एकीकडे दत्तात्रय, दुसरीकडे दत्तात्रेय, तिसरीकडे नुसताच डी. लक्ष्मणाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक्स की के-एस-एच, यावर तुमचं पेन्शन अवलंबून असू शकतं. बायकांचं तर बोलायलाच नको, माहेरचं नाव दाखल्यावर, सासरचं आधारवर, मधलं नाव कधी वडिलांचं कधी नवऱ्याचं, एका बाईच्या पाकिटात चार बायका आरामात मावतात. जोपर्यंत सगळे कागद घरात झोपून होते तोपर्यंत या चौघींचं एकमेकींशी काही भांडण नव्हतं. एक हरवली की उरलेल्या तिघींना एका टेबलावर यावं लागतं. मग गॅझेट करा, म्हणजे राजपत्रात जाहीर करा की ही तीच. गॅझेटसाठी काय लागतं? ओळखीचा पुरावा.

एवढं सगळं नको, सरळ नवीनच काढतो असं म्हणाल तर पॅनच्या बाबतीत तसलं काही करू नका, दोन पॅन ठेवले तर १०,००० दंड आहे. तुमचं जुनं आधारशी लिंक आहे ना? ३० जून २०२३ ची मुदत चुकवली असेल तर आधी १,००० भरा मग पुढचं बोलू. मतदार कार्डाचं टेन्शन घेऊ नका, फॉर्म ८ भरला की बदली कार्ड मिळतं, आणि नाही मिळालं तरी यादीत नाव असलं की मतदान करता येतं, फक्त आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट असं काहीतरी एक दाखवा.

उशीर होतोय म्हणून चिडू नका. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे आपल्याकडे, "आपली सेवा आमचे कर्तव्य" असं त्याचं ब्रीद आहे, ठरलेल्या मुदतीत सेवा द्यावीच लागते, नाही दिली तर अपील करता येतं. मुदत मात्र अर्ज परिपूर्ण झाल्यापासून मोजतात, आणि तुमचा अर्ज परिपूर्ण व्हायला काय कमी पडतंय ते तुम्हाला माहितीच आहे.

खरं म्हणजे इतकं धावायची गरजच नाही. शांत बसून आठवा, तुमच्या आधारची झेरॉक्स कोणाकोणाकडे आहे. मागच्या वर्षीच्या लॉजवर आहे, रजिस्टरला टाचलेली. सोसायटीच्या ऑफिसात आहे, सिमकार्डवाल्याकडे आहे, गॅस एजन्सीत, जिममध्ये, त्या लोनवाल्या पोराच्या व्हॉट्सअॅपवर दोन्ही बाजूंनी आहे. २०२२ च्या मे महिन्यात आधारवाल्यांच्याच एका ऑफिसने पत्रक काढलं होतं की बाबांनो अशा झेरॉक्सा वाटत फिरू नका, मास्क्ड आधार द्या, म्हणजे फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. दोनच दिवसांत ते पत्रक मागे घेतलं, लोक गैरसमज करून घेतील म्हणून. बरं झालं घेतलं, नाहीतर आज तुमच्याकडे काहीच राहिलं नसतं. झेरॉक्सच्या दुकानात जा, त्याच्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड फोल्डरमध्ये अख्खा एरिया सापडेल, तुमच्या नावाने सर्च मारायचं आणि दोन रुपये देऊन स्वतःला विकत घ्यायचं. दुकानदार आयडी मागत नाही. सगळ्या प्रक्रियेत एवढी एकच जागा.

पासपोर्ट हरवायचा असेल तर तो शेवटी हरवा, ते सगळ्यात वरच्या यत्तेचं काम आहे. नुसती प्रत मिळत नाही, जुना पासपोर्ट रद्द होतो आणि नवीन नंबरचा येतो, ३६ पानीला ३,००० रुपये, तात्काळ हवा तर वर २,०००. पोलीस रिपोर्ट, प्रतिज्ञापत्र, ते आता तुम्हाला तोंडपाठ आहे. मग व्हेरिफिकेशन. आणि हे करताना शेजाऱ्यांशी आधीपासून चांगलं ठेवा, कारण हा माणूस इथेच राहतो आणि आम्ही याला ओळखतो असं सांगणारे दोघे जण बहुतेक वेळा लागतात. वीस वर्षं समोर राहणारे काका आनंदाने सही करतील हो, पण त्यांच्या सहीला किंमत नाही, त्यांच्या आधारची झेरॉक्स जोडावी लागते, आणि काका ते कुठे ठेवलंय ते काकूंना विचारून सांगतो म्हणतात.

सगळं पार पडलं की एक दिवस पासपोर्ट स्पीड पोस्टाने निघतो. घर सोडून जाऊ नका, तो शेजारी ठेवून जात नाहीत, तुमच्याच हातात देतात. पोस्टमन तुम्हाला नावाने हाक मारेल, मुलाची परीक्षा कशी गेली विचारेल, पाणी मागेल. पाणी पिऊन झालं की लिफाफा पुढे करायच्या आधी तो ओळखपत्र मागेल, त्याला तसा नियमच आहे.