कथेत माणूस शिरू नये म्हणून

विद्यार्थ्यांना वास्तववादी कथा शिकवायची वेळ आलीच, तर घाबरून जाऊ नका. पहिल्याच तासाला फळ्यावर व्याख्या लिहा. 'घडू शकेल अशा घटनांची काल्पनिक कथा' एवढी पुरे. मुलं ती वहीत उतरवून खाली दोन रेघा मारतात आणि विषय तिथेच निम्मा थंड होतो.

वाचायला लांबलचक कथा निवडा, म्हणजे एका वाचनातच तास संपतो. दोन पानांची कथा फार धोक्याची. ती दोनदा वाचून होते, आणि दुसऱ्या वाचनात 'पुढे काय झालं' हे कुतूहल भागलेलं असल्यामुळे मुलं 'हे केलं कसं' याकडे बघू लागतात. मग मागच्या बाकावरून प्रश्न येतो, की दहा वर्षं एका ओळीत उरकली आणि दार उघडायला अख्खा परिच्छेद का? याचं उत्तर द्यायचं तर ती कथा तुम्हालाही वाचावी लागेल. त्यापेक्षा 'कोण कोणास म्हणाले' विचारा. तात्पर्य आधीच सांगून टाकलंत तर तेवढंही नको.

आराखड्यासाठी त्रिकोण काढा: सुरुवात, चढ, टोकाला कळस, उतार, शेवट. गुस्ताव फ्रायटाग या जर्मन लेखकाने तो १८६३ साली मांडला, पाच अंकी नाटकांसाठी. आपण तो दीडशे शब्दांच्या गोष्टीवर ठेवायचा, प्रत्येक टप्प्याला तीस शब्द. मुलं शब्द मोजण्यात गुंततात आणि वर्गात छान शांतता राहते.

पात्र उभं करण्यासाठी चाळीस प्रश्नांचा तक्ता वाटा. आवडता रंग, उंची, जन्मतारीख, रक्तगट. दोन प्रश्न मात्र त्यात चुकूनही येऊ देऊ नका. याला आत्ता काय हवंय, आणि ते मिळण्याच्या आड काय येतंय? एवढं कळलं की पात्र स्वतःहून काहीतरी करायला बघतं, चुकतं, खोटं बोलतं, आणि तीस शब्दांचा टप्पा मोडतो. रक्तगटावर कुणी खोटं बोलत नाही. तासाची पाच मिनिटं उरली की मग हमखास एक भरधाव ट्रक येतो, नाहीतर 'तेवढ्यात मला जाग आली'. मुलांवर चिडू नका. ज्याला काही नकोच होतं, त्याची गोष्ट थांबवायची तरी कुठे?

संवादांचं शुद्धलेखन कडक ठेवा. पात्र 'गेलतो' म्हणालं तर 'गेलो होतो' करा. चार वर्षांची नात आणि सत्तरीचे आजोबा एकाच प्रमाणभाषेत, पूर्णविरामासकट बोलले पाहिजेत. कुणी अर्धं वाक्य सोडलं तर ते पूर्ण करून घ्या. माणसं बोलता बोलता थांबतात, विचारलेलं टाळून भलतंच उत्तर देतात, ही सवय कागदावर यायला नको.

खरी दक्षता तपासताना लागते. समजा, नापास झाल्याचं घरी सांगणाऱ्या मुलाबद्दल एखादीने लिहिलं, 'बाबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "बस."' इथे लाल पेन उचला. चष्म्याच्या तिन्ही क्रिया खोडा, समासात 'अनावश्यक तपशील' असा शेरा मारा आणि वर लिहा, 'बाबांना खूप राग आला.' आता वाचणाऱ्याला काही ओळखायचं उरलं नाही. तो राग होता, की भीती, की स्वतःचीच कुठलीशी आठवण, असले घोळ मिटले. मुलगी हुशार असेल तर पुढच्या वेळी ती चष्म्याच्या वाटेला जाणारच नाही, सरळ राग लिहील.

गुणांची वाटणी सोपी ठेवा. दहापैकी तीन अक्षराला, तीन शुद्धलेखनाला, दोन शब्दमर्यादेला, दोन बोधाला. बेरीज बरोबर दहा होते, तेव्हा कथेला वेगळे गुण शोधत बसावं लागत नाही.

वह्या तीन आठवड्यांनी परत करा. तोवर आपण काय लिहिलं होतं हे मुलं विसरलेली असतात, त्यामुळे वाद होत नाहीत. कुणी पुनर्लेखनाबद्दल विचारलंच, सुरुवात नंतरच्या प्रसंगापासून केली तर चालेल का, हे दुसऱ्या पात्राच्या तोंडून सांगू का, तर शांतपणे सांगा की पुनर्लेखन म्हणजे तेच सगळं, समास सोडून, निळ्या शाईत, खाडाखोड न करता. आणि शीर्षक अधोरेखित.